भुयारातला कुकारा

आईला भुयार बघायला न्यायची कल्पना माझ्या बायकोची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी भुयारातून बाहेर येईपर्यंत मी सगळा दोष मनातल्या मनात तिच्या माथी मारत होतो, आणि ती बाहेर उन्हात बसून माझ्या माथी मारत होती. आमचा संसार असाच चालतो.

वडील जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाल्यावर दोघं गावीच, संगमेश्वर तालुक्यात, राहायची. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मी आईला रत्नागिरीला माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. आणली खरी, पण ती आली नाही असंच म्हणायला हवं. ताटातलं अर्धं तसंच परत जायचं. टीव्ही लावला तर ती भिंतीकडे बघायची. संध्याकाळी गॅलरीत बसून रस्त्याकडे तोंड करून म्हणायची, "न्या आता मला." हे वडिलांना उद्देशून. भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज, आणि रोज. सुरुवातीला मी समजूत घालायचो. मग चिडायला लागलो. मग ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकलो, पण ते वाक्य ऑफिसात फायली चाळतानासुद्धा कानात असायचं.

डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, मन रमवा. मन रमवायला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं, तर ती समुद्राकडे पाठ करून सुरूच्या झाडांकडे बघत बसली. गुहागरला मामेबहिणीकडे नेलं, तर दुसऱ्या दिवशी परत चल म्हणाली. मी हात टेकले. बायकोने टेकले नाहीत. तिला मोबाईलवर कुठेतरी दिसलं, की घाटाच्या पायथ्याशी, राखीव जंगलाच्या कडेला एका गावाने जांभ्यातलं जुनं भुयार लोकांना दाखवायला सुरुवात केली आहे. हेल्मेट देतात, त्यावर बॅटरी असते, सोबत वाटाड्या असतो, आणि बाहेर आल्यावर तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. गाव आईच्या माहेरापासून फार लांब नाही. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसं भली आहेत आणि जे झालं त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता.

मला वाटलं, आई नाही म्हणेल. ती लगेच हो म्हणाली. लहानपणी त्या भुयाराच्या गोष्टी ऐकल्या होत्या म्हणे, आत कधी जाऊ दिलं नव्हतं. "बघून घेऊ दे एकदा," म्हणाली. ते "बघून घेऊ दे" मला आवडलं नाही. माणसं निघायच्या आधी अशी बोलतात. बायकोला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, तुम्ही ऑफिसातला मसुदा वाचता तसं माणसांचं बोलणं वाचू नका.

थंडीचे दिवस होते. आम्ही पोचलो तेव्हा पुण्याहून आलेलं एक कुटुंब आधीच हेल्मेटं घालून तयार होतं, आईवडील आणि कॉलेजातल्या दोन मुली. वाटाड्या पन्नाशीचा, मुंबईची नोकरी सोडून गावी परत आलेला. त्याने नियम सांगितले. भिंतीला बांधलेली दोरी सोडायची नाही. मधे वाट फुटते, तिथे डावीकडे जायचं नाही, त्या बाजूला पाण्याचं कुंड आहे, आणि त्याचा तळ अजून कुणाला लागलेला नाही. आणि ओरडायचं नाही. वटवाघळं उठली की माणसं घाबरून पळतात आणि पडतात, असं तो म्हणाला. आईच्या अंबाड्यावर हेल्मेट काही केल्या बसेना. शेवटी बायकोने अंबाडा सोडून वेणी घातली. आई म्हणाली, या वयात मला शाळेत पाठवताय. वर्षभरात तिने केलेली ती पहिली थट्टा, आणि बायकोने माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं.

आत पहिली थोडी वाट ताठ चालता येते. मग छप्पर खाली येत जातं आणि कमरेत वाकावं लागतं. जांभ्याच्या भोकाभोकांतून पाणी पाझरत होतं, पायाखाली चिखल होता, आणि वटवाघळांच्या लेंडीचा वास नाकातून घशात उतरत होता. मला बंद जागा सोसत नाहीत. लिफ्टमध्येसुद्धा मी दाराकडे तोंड करून उभा राहतो. पण ते कुणाला सांगायचं नाही म्हणून मी सगळ्यात शेवटी राहिलो होतो. पुढे वाटाड्या, मग पुणेकर, मग बायको, मग आई, मग मी.

वाट फुटते त्याच्या जरा पुढे एक उंच पायरीसारखा दगड आहे. तिथे बायकोची चप्पल अडकली आणि ती हाक मारू लागली. आई भिंतीला टेकून थांबली आणि म्हणाली, तू हो पुढे, मी येते तुझ्या मागून. मी तिला ओलांडून पुढे गेलो. चप्पल सोडवली, बायकोला वर ओढलं, आणि तशीच पुढची वाट धरली. माझ्या मागे भिंतीवर आईच्या बॅटरीचा उजेड हलत होता. मी तो पाहिला होता. नंतर मी स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं, की उजेड होता.

वाटेच्या शेवटी एक दालन आहे, आमच्या हॉलच्या दुप्पट असेल. तिथे वाटाड्याने सगळ्यांना गोल उभं केलं. म्हणाला, आता बॅटऱ्या बंद करा, तुम्हाला खरा अंधार दाखवतो. घरचा आंबा कापून द्यावा तशा अभिमानाने म्हणाला. बॅटऱ्या एकेक करून बंद झाल्या. तसला अंधार मी कधी पाहिला नव्हता. हात डोळ्यांसमोर धरला तरी हात आहे की नाही कळेना. माझ्या उजव्या बाजूला कोणीतरी हळूहळू श्वास घेत होतं. आई आहे, असं वाटलं आणि मला बरं वाटलं. मी त्या बाजूला जरा सरकलोसुद्धा.

बॅटऱ्या लागल्या. माझ्या उजव्या बाजूला पुण्याची धाकटी मुलगी उभी होती.

आई नव्हती. मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. तिला वाटलं होतं आई माझ्यापाशी आहे, मला वाटलं होतं ती आमच्या मधेच आहे. आम्ही परत वळून त्या पायरीच्या दगडापर्यंत आलो. तिथे कोणी नव्हतं, आणि भिंतीवर उजेडही नव्हता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात वाटाड्याने माझा दंड धरला.

"ओरडू नका," तो म्हणाला. "वाघळं उठली तर आपल्याला काय ऐकू येणार नाय, आणि म्हातारी घाबरून धावली तर कुंडात जाईल. शब्द इथं फुटतात. एकच कुकारा घाला आणि कान देऊन उभे ऱ्हा. मग जरा पुढं जा, परत एक."

पुणेकरांना आणि बायकोला त्याने दोरीच्या आधाराने बाहेर पाठवलं. बायको जायला तयार नव्हती. आई बाहेर पोचली असेल तर तिथे आपलं कोणीतरी हवं, असं मी म्हणालो तेव्हा गेली. ती बाहेर असेल यावर आम्हा दोघांचाही विश्वास नव्हता.

कुकारा म्हणजे कू करून लांबवर दिलेली हाक. रानात, डोंगरात आमच्याकडे माणसं अशीच एकमेकांना शोधतात. मला तो वडिलांनी शिकवला. शाळा सुटल्यावर ते सड्यावरून, म्हणजे गावाच्या वरच्या कातळमाळावरून, घरी उतरायचे, तेव्हा वरूनच कुकारा द्यायचे आणि खाली आई चहाचं आधण ठेवायची. त्यांच्या कुकाऱ्याला शेवटी एक मुरड असायची. माझ्याही कुकाऱ्याला ती आहे. गावातले लोक म्हणायचे, बाप कुठला आणि लेक कुठला कळत नाही.

मी कुकारा दिला. तो पुढे जाऊन कुठेतरी आपटला, दोन बाजूंनी परत आला आणि विरला. मग फक्त पाणी ठिबकत राहिलं. वाटाड्या उजवीकडच्या कपारी बघायला गेला. डावीकडच्या वाटेवर आडवी बांधलेली दोरी होती तशीच होती, पण तिच्याखालून वाकून जाता येत होतं. मी खालून गेलो. थोडं चाललो, एक कुकारा दिला, थांबलो. आणखी थोडं चाललो, पुन्हा एक दिला. उत्तर नाही.

भीती दोन प्रकारची असते हे मला त्या दिवशी कळलं. ती पडली असेल, शुद्ध हरपली असेल, ही एक. ती भीती सोसवत होती. दुसरी मी मनात येऊच देत नव्हतो, पण प्रत्येक न आलेल्या उत्तराबरोबर ती जवळ येत होती. ती शुद्धीवर असेल, ऐकत असेल आणि उत्तर द्यायचं नसेल. रोज संध्याकाळी न्या म्हणणारी बाई, समोर बिनतळाचं पाणी, आणि अडवायला कोणी नाही. बघून घेऊ दे एकदा, म्हणाली होती.

कुंडाच्या काठाशी मला तिचं हेल्मेट दिसलं. चिखलात उलटं पडलेलं, बॅटरी विझलेली. त्याच्यापुढे चार हातांवर पाणी होतं, काळं आणि अजिबात न हलणारं. मी पोटावर पडलो आणि पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. काय शोधत होतो ते मला लिहवत नाही. पाणी इतकं गार होतं की बोटांना काही लागलं तरी कळलं नसतं. माझ्या बॅटरीचा उजेड पाण्यावर पडून माझंच तोंड मला दिसत होतं, आणि मला त्या तोंडाचा राग आला. वर्षभर ती सांगत होती आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो.

मागून वाटाड्या आला. त्याने हेल्मेट बघितलं, पाणी बघितलं आणि खाली बसला. मग हळू आवाजात म्हणाला, वाडीतून चार माणसं आणि गळ घेऊन येतो.

गळ म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढायचा लोखंडी आकडा. आमच्या गावात तो एकाच घरी असायचा आणि कळशी पडली की पोरं पळत जाऊन आणायची. कळशीखेरीज तो आणखी कशासाठी नेतात हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. मी हो म्हणालो की नाही आठवत नाही. तो गेला. मी कुंडाच्या काठावर एकटा बसलो. बंद जागेची भीती केव्हाच गेली होती, भीती वाटायला माझं मन जागेवरच नव्हतं.

मग कुकारा आला.

एकच, लांबून आणि भलत्याच दिशेने. मी ज्या वाटेने आलो तिकडून नाही, तर जणू पाण्याच्या पलीकडून, खडकातून. वाटाड्याचाच असणार. तोंडाशी पोचला असेल, किंवा मी जागेवर आहे ना बघत असेल. हे सगळं मला कळत होतं. तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मी ओ दिली नाही. मी चक्क वाट बघत होतो, दुसरा येतो का, तिसरा येतो का.

आणि तसाच ताडकन उठलो.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देवळीतले देव आणि त्यांच्याबरोबर देवचार, चकवे सगळे घराबाहेर गेले होते, आणि वडील तर मास्तर, त्यांच्यासमोर असलं काही बोलायची सोय नव्हती. पण स्वयंपाकघरात आईचं राज्य होतं. मी शिमग्याला रात्री बाहेर जायला लागलो तेव्हा तिने मला चुलीपाशी घेऊन हळूच सांगितलं होतं, अंधारात एका हाकेला कधी ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा बोलावतो. ते एकदाच बोलावतं, मग जागा बदलतं, परत एकदा बोलावतं. ओ दिलीस की गेलास. बाबांना सांगू नको. मी बाबांना सांगितलं नाही, मोठा झालो, हसलो आणि विसरलो. विसरलो असं मला वाटत होतं.

आणि मघापासून आम्ही काय करत होतो? एक हाक, मग गप्प. जागा बदलायची. परत एक हाक.

मी वटवाघळांची पर्वा केली नाही. उभा राहिलो आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, आई. आणि श्वास न घेता पुन्हा, आई. आणि तिसऱ्यांदा, आई. डोक्यावरचं छप्पर जिवंत झालं. वटवाघळं फडफडत माझ्या तोंडावरून, कानांवरून जायला लागली. त्या गोंधळात मी डोळे मिटून, हात पसरून उभा होतो, आणि तेवढ्यात माझ्या मागून, अगदी जवळून, नेहमीच्या आवाजात उत्तर आलं.

"ओ."

ती कुंडापासून जरा मागे, एका कपारीत अंग चोरून बसली होती. मी येताना तिच्या अगदी जवळून गेलो होतो. डोळे गच्च मिटलेले, पदराचा बोळा करून हातात धरलेला, तो ओला होता. आम्ही दालनात बॅटऱ्या बंद केल्या तेव्हा ती फाट्यापाशी दगडावर टेकली होती. हेल्मेटने डोकं दुखत होतं म्हणून ते काढून मांडीवर घेतलं, काढताना बॅटरीचं कसलं तरी बटण दाबलं गेलं. पुढचा आमचा उजेडही गेला. ती उठली, भिंत चाचपत निघाली, दोरी खांद्याला लागली तर तीच भिंतीवरची दोरी समजून खालून गेली, आणि पायाला पाणी लागलं तेव्हा हातातलं हेल्मेट टाकून मागे सरकली. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मी तिला नुसती दोन्ही हातांनी धरून होतो आणि रडत होतो, आणि ती म्हणत होती, ऊठ, चिखलात बसलायस.

बाहेर आलो तर वाटाड्या चार माणसं आणि गळ घेऊन उतरत होता. आईला बघून त्याने गळ पाठीमागे धरला. मग तो तिच्यावर चिडला, इतक्या हाका मारल्या तर उत्तर का दिलं नाही म्हणून. आईने त्याला हात जोडले, पण उत्तर दिलं नाही. बायको मात्र तिला चिकटली ती सोडेचना. मला ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

दुपारी त्यांच्या अंगणात फणसाखाली आम्हाला बसवलं. बायको आत पानं घ्यायला मदत करत होती. आई माझ्या शेजारी, उन्हात पाय सोडून. मी तिला म्हणालो, की तू का बोलली नाहीस ते मला कळलं, एका हाकेचं. तिने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली,

"एका हाकेचं नाय रे. तुझ्या बाबांनी हाक मारलानी."

मी म्हणालो, आई, तो मी होतो. माझा आवाज तसाच आहे.

"ते कळलं मला मागनं. तिसऱ्या हाकेला कळलं." तिने पदर सोडवून गुडघ्यावर सरळ केला. "पण तेव्हा तेच होते. सड्यावरनं यायचे तशी हाक. वर्षभर मी रोज सांगते, न्या मला, न्या मला. आणि आले न्यायला, तर मी तोंडात पदर कोंबून बसले. श्वास पण घेत नव्हते, ऐकू जाईल म्हणून."

तिचे डोळे भरून आले होते. वडील गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती, आणि आता रडत होती ती त्यांच्यासाठी नव्हे, शरमेने. चोरी सापडलेल्या मुलीसारखी खाली मान घालून.

"परत मारलानी. परत मी गप्प," ती म्हणाली. "मला जायचंच नाय, बघ. काय म्हणतील ते मला?"

मला इतका आनंद झाला होता की तिच्या शरमेपुढे मला त्याची लाज वाटली. मी तिचा हात हातात घेतला, तो अजून गार होता. वडील असते तर त्यांनी तिला आधी भुताखेतांवरून झापलं असतं, हे मी तिला सांगितलं. ती रडता रडता हो म्हणाली. मग आतून बायको भाकऱ्या घेऊन आली, आणि आईने डोळे पुसून पान पुढे ओढलं.